सीमा पुसलेला नकाशा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो केशवराव उमरीकर सरांचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परभणीकडच्या गावातून भूगोलाच्या एम.ए.साठी हैदराबादला सरांच्या विभागात आलो, तेव्हा युरोप म्हणजे सगळा श्रीमंतांचा मुलूख, अशी माझी ठाम समजूत होती.

सर बेगम बाजारातून किराण्याचा खाकी कागद आणत आणि त्यावर नकाशे काढत. त्यामुळे आमच्या इटलीला कायम मिरच्यांचा वास यायचा. नकाशा पुरा झाला की देशांच्या सीमा रबरानं पुसून टाकत. "देश बघू नका, मियाँ. मुलूख बघा. देशाच्या सरासरीत गरीब माणूस लपतो."

अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी मी प्रबंधाचं एक प्रकरण वाचून दाखवलं. दक्षिण इटलीत रस्ते होताहेत, धरणं होताहेत, म्हणजे ती लवकरच उत्तरेला गाठणार, असं मी लिहिलं होतं.

"आणि उत्तर काय चहा पीत वाट बघत बसलीय?" सर म्हणाले. "दक्षिणेतली शिकलेली पोरं जातात कुठं?"

"उत्तरेला, सर. नोकरीसाठी."

"मग ते प्रकरण कुठाय?"

ते प्रकरण मी लिहिलं. लिहिताना सारखं आमचं गाव आठवत होतं.

तेवढ्यात राज्यपुनर्रचना आली. हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, हे ठरलं. त्याच दिवसांत सरांनी मला त्यांच्या विभागात जागा देऊ केली. आमच्याकडे नव्यानं निघालेल्या एका कॉलेजाचंही बोलावणं होतं. तिथं अजून वाचनालयसुद्धा नव्हतं.

"नक्को जाऊ," सर म्हणाले. "इथं पुस्तकं आहेत, बोलायला माणसं आहेत. तिकडं काय आहे?"

"सर, इथं राहिलो तर त्या प्रकरणात मला माझंही नाव घालावं लागेल."

सर मोठ्यानं हसले. "हौ रे! माझीच छडी, माझ्याच पाठीवर!" आत वळून पत्नीला म्हणाले, "अहो, चहा टाका. हा निघाला."

तिकडून मी त्यांना पाठवलेलं पहिलं पत्र असं होतं:

"गुरुवर्य सरांस सादर प्रणाम. काल वर्गात इटली काढली. इथल्या खाकी कागदाला गुळाचा वास आहे. सीमा पुसल्यावर एका मुलीनं विचारलं, 'सर, गेलेली माणसं परत आली, तर काय होतं?' उत्तर तुमच्या पुस्तकांत असेल तर कळवावं. नसेल, तर आम्ही इथं शोधायला लागलो आहोत."