दत्तूचं चर्र वाजणारं जाकीट

काही घरांत किस्से होतच नाहीत. आमचंच घ्या! हे निवृत्त, मुलगा पुण्याला, टीव्ही दिवसभर चालू. आणि काही घरांत एवढे होतात की सांडून शेजाऱ्याच्या अंगणात येतात. आमच्या शिरूर कासारच्या घराला लागून मीराचं घर आहे. मध्ये छातीएवढी भिंत. लोक म्हणतात, शोभाकाकू भिंतीवरून डोकावतात. मी कशाला डोकावू? माझा कढीपत्ताच तिथं उगवलाय, त्याला मी काय करू!

तर मीरा घरी शिलाई करते. तिचा नवरा दत्तू शेळ्या राखतो. ऊसतोडीला गेलता, तिथं ट्रॉलीखाली सापडून डावा हात कोपराखालून गेला. आणि तिसरी आक्का, दत्तूची आई. घर आक्काचं, शेळ्या आक्काच्या आणि शेवटचा शब्दही आक्काचाच.

*

जखम बरी झाल्यावर दत्तू पहिल्यांदाच एकटा रानात निघाला, तो दिवस. आभाळ भरलं होतं. रेनकोटची चेन एका हातानं लागेना. मीरा पाणी आणायला गेलती. मग मीच भिंतीवरून वाकून चेन पार गळ्यापर्यंत ओढून दिली.

पाऊस काही आला नाही. ऊन मात्र असं पडलं की डांबर वितळावं! संध्याकाळी दत्तू आला तो भट्टीतून काढल्यासारखा लालबुंद. रेनकोट तसाच, गळ्यापर्यंत बंद! चेन अडकलेली. एका हातानं कापड ताणावं का चेन ओढावी?

मी म्हटलं, "अरे, कुणाला तरी सांगायचं!"

"कुणाला सांगू काकू? रानात नुसत्या शेळ्या. त्यांना म्हणू का, बायांनो, जरा चेन वढा?"

मी हसले, मीरा हसली. आक्का हसली नाही. म्हणाली, "ज्याला अंगातलं कापड काढता येत न्हाई, त्यो शेळ्या काय राखंल? दिवाळी झाली की इकते. यापाऱ्याला शब्द देऊन टाकते."

आणि दिलाच! आक्कानं शब्द दिला म्हणजे दिला. दत्तू मान खाली घालून बसला. शेळ्या गेल्यावर या माणसानं दिवसभर ओट्यावर बसून करायचं काय? मीरा उठली. रेनकोट उचलला आणि मशीनवर बसली.

*

मीरानं चेन उसवून टाकली. आतून जाड अस्तर लावलं, कोटाचं जाकीट केलं. आणि चेनच्या जागी काय लावावं? चुंबक! भंगारातल्या स्पीकरमधले काढून कापडात शिवले. दोन्ही बाजू जवळ आणल्या की खट्! आपोआप बंद. दत्तू एवढा खूष की दिवसभर खट् उघड, खट् लाव.

तेच जाकीट घालून तो हात दाखवायला बीडला निघाला. एसटीत जागा नव्हती, म्हणून दाराजवळच्या लोखंडी दांड्याला छाती टेकून उभा राहिला. खट्!

बीडच्या स्टँडवर सगळे उतरले. दत्तू दांड्याला चिकटून. एका हातानं एक चुंबक सोडवावा तर दुसरा चिकटतोय. कंडक्टर म्हणाला, "पाहुणे, तिकीट काढलंय तुमी. गाडी न्हाई इकत घेतली!"

बरं, परत आला ते छातीवर दोन नट, एक खिळा आणि बाईमाणसाच्या केसातली पिन घेऊन. बाकीचं ठीक, पण ती पिन बघून मीरानं त्याला दारातच थांबवलं!

चुंबक त्याच संध्याकाळी निघाले.

*

एवढ्यात गावात बोभाटा झाला की मीरा असले कपडे शिवून देते. मग शेषराव आले. त्यांचे दोन्ही पाय लहानपणापासून अधू. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर ते रोज स्वतःच्या मोसंबीच्या बागेत जातात. पावसात मांडीवर तळं साचतं म्हणाले.

मीरानं त्यांना बसवूनच माप घेतलं. पुढून लांब, म्हणजे गुडघे झाकतील. मागून आखूड, म्हणजे चाकात जाणार नाही. फार सुरेख रेनकोट झाला. खुंटीला टांगून ती बाजारात गेली.

आक्कानं तो बघितला. पुढून पायघोळ, मागून कमरेपर्यंत! मला भिंतीवरून म्हणाली, "बघ गं शोभा, सून कशी शिवती! लोक नावं ठेवतील आमच्या घराला." मी काही बोलायच्या आत आक्कानं कात्री घेऊन पुढचा भाग मागच्याएवढा केला. अगदी सरळ रेषेत हं!

शेषरावांनी घातला, गुडघ्यांकडे बघितलं आणि गरीब तोंड करून म्हणाले, "मीराबाई, रेनकोट सांगितला होता. हे पोलकं कावून शिवलं?"

*

दत्तूच्या जाकिटाला आता चिकटपट्टी आली. लहान पोरांच्या बुटाला असते ती, ओढली की चर्र वाजते. छातीवर एक मोठा खिसाही, त्यालाही तीच पट्टी. खिशात मका. संध्याकाळी शेळ्या गोळा करायच्या की दत्तू खिसा उघडायचा, चर्र! आणि मूठमूठ मका द्यायचा.

शेळ्यांना दुसरं काय लागतं? आठ दिवसांत टेकडीपलीकडची शेळीसुद्धा चर्र ऐकून पळत यायला लागली. हाक नाही, काठी नाही!

पुढं शाळेच्या पटांगणात आरोग्य शिबिर होतं. आक्का खुर्चीत, तिच्यामागं मी. सिस्टरनं आक्काच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला आणि पट्टा सोडला. चर्र!

शेजारच्या बांधावर दत्तू शेळ्या घेऊन उभा होता. म्हणजे आधी होता! सगळा कळप मंडपात. गोळ्यांच्या पेट्या आडव्या, डॉक्टर टेबलावर आणि मधोमध आक्का, चारी बाजूंनी शेळ्या तिच्या दंडाला हुंगतायत.

सिस्टर पट्टा पुन्हा गुंडाळून घाबरत म्हणाली, "आजी, परत मोजावं लागंल."

आक्का ओरडली, "मोज! पर पट्टा काढलास तर बघ!"

शेवटी दत्तू बांधावरून उतरला, खिसा उघडला, चर्र! आणि चालायला लागला. सगळ्या शेळ्या त्याच्यामागं मुकाट. एकही इकडं-तिकडं नाही. आक्का दंडाला पट्टा तसाच ठेवून बराच वेळ बघत बसली.

*

दिवाळी झाली आणि व्यापारी पिकअप घेऊन दारात. मला वाटलं, आक्का नाही म्हणेल. कसली! "शब्द दिलाय," एवढंच बोलली. दत्तूनं जाकीट खुंटीला अडकवलं. म्हणाला, "आता काय करायचंय ते?"

शेळ्या भरल्या. मागचा फळका लागला. मागं मावेना म्हणून काबरी शेळी तेवढी पुढं चढवायची राहिली होती, तिचं दावं धरून दत्तू रस्त्यात उभा. मीरा त्याच्याजवळ, पदरानं डोळे पुसत. गाडी सुरू झाली.

चर्र!

अहो, फळक्यावरून शेळ्यांच्या उड्या! एकीवर एक! क्षणात अंगण भरलं.

व्यापाऱ्यानं शिव्या घालत पुन्हा भरल्या. फळका लावला. पुन्हा चर्र! पुन्हा उड्या!

तो दत्तूवर धावला, "काय करतो बे?"

दत्तूनं दाव्यासकट हात वर केला. "माजा हात ह्यो हितं हाय. दुसरा कुठं दिसला तर दाव!"

तिसऱ्यांदा तर एक शेळी व्यापाऱ्याच्या डोक्यावरूनच गेली. टोपी उचलून तो म्हणाला, "आक्का, तुमचा शब्द तुमाला परत. असली बकरं नगं मला!" आणि गाडी भरधाव गेली.

मी भिंतीशीच होते. वळून बघितलं तर भर दुपारी, टळटळीत उन्हात, आक्का ओट्यावर बसलेली. अंगात दत्तूचं जाकीट.

म्हटलं, "आक्का, एवढ्या उन्हात जाकीट कावून गं?"

घाम पुसत म्हणाली, "थंडी लई हाय बाई आज!"