दोन लिंबं

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधले आमचे शेजारी रविवारी हातोड्याला हात लावत नाहीत, कारण इथे रविवारी आवाज करायचा नसतो. त्या दिवशी ते गॅरेजमध्ये बसून गाडीच्या दारावर ब्रशने नंबर रंगवतात. जवळच्या मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरवायला त्यांनी ही भंगारातली गाडी स्वतः बांधली आहे. काचा काढून टाकल्या, आत लोखंडी पिंजरा वेल्ड केला. मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणून अधूनमधून काही सुचवतो. ते "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावतात आणि स्वतःला हवं तेच करतात.

एकदाच त्यांनी माझं ऐकलं. आमच्या नव्या गाडीच्या चाकांखाली बायकोने लिंबं ठेवलेली त्यांनी पाहिली होती. पहिल्या शर्यतीच्या सकाळी ते दोन लिंबं घेऊन दारात उभे.

"कुठल्या चाकांखाली?"

"पुढच्या," मी ठोकून दिलं.

शर्यतीत कोणीतरी त्यांना मागून धडकलं आणि ते शेवटचे आले. मला अपराधी वाटत होतं. ते मात्र चेपलेली डिकी थोपटत खुशीत म्हणाले, "आल्झो, म्हणजे बघ, इंजिन फिरवतं मागची चाकं, आणि लिंबं पुढे! तुला इंजिनिअर कोणी केलं?"