पिकअपला पाजलं करडीचं तेल

चहा घ्या आधी, गार होईल. अन् हसायचं ते शेवटाला हसा. मधातच हसलं की कप हिंदकळतो, आमच्या जावयाचा पांढरा सदरा असाच गेला. तर ऐका, माझ्या हातून काय झालं ते. मी एकदा गाडीला तेल पाजलं. व्हय, पाजलं. बैलाला पाजतो तसं.

तुमी म्हणाल, असं कोणी करतं का? न्हाई करत. म्हणून तर सांगून राहिले.

आमचा गजा, धाकला पोरगा. सेनगावपासून दोन कोसावर आमचं गाव, तिथून तो पिकअप चालवायचा. जुनी घेतलेली, पांढरी गाडी. शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायच्या, सोयाबीनचे कट्टे धान्याच्या मोंढ्यात टाकायचे, कोणाची सोयरीक जुळली की वऱ्हाड भरायचं. तेव्हा गावात नुकतेच मोबाईल आले होते. रेंज घ्यायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. अन् डिझेलचा भाव तर टाकीच्याबी वर चढून बसला होता. गजा पंपावरून आला की आधी तांब्याभर पाणी प्यायचा, मंग बोलायचा.

डिझेल वाचवायला त्यानं काय न्हाई केलं? उतार आला की गाडी बंद करून तशीच सोडायचा. गाडी हलकी व्हावी म्हणून जास्तीचं चाक घरी काढून ठेवलं, अन् त्याच दिवशी रस्त्यात पंक्चर झाली. जीपवाले म्हणायचे, रॉकेल मिसळ, सगळेच मिसळतात. पण गजा ऐकला न्हाई. म्हणायचा, त्यानं तिचं पोट जळतं. गाडीवर जीव होता त्याचा.

अन् तोच गजा एका सकाळी चुलीपाशी येऊन बसला अन् म्हणाला, गाडी विकून टाकतो. पुण्याला कंपनीत डायवरची जागा हाय, सुमनला अन् राणीला घेऊन जातो.

मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. शेवटी सुमन, माझी सून, म्हणाली, "मामी, तव्यात मावंल का ती?" बघते तर भाकरी परातीएवढी झालेली.

राणी म्हणजे माझी नात, तीन वर्षांची. ती माझा कान धरून झोपायची. आईचा न्हाई, बापाचा न्हाई, माझाच, अन् त्यातबी डावा. तिनं ते पुण्याचं ऐकलं अन् मला विचारलं, "आज्जी, तिथं कान कोणाचा धरू?" 

मला एवढंच कळलं, की डिझेल पुरत न्हाई म्हणून लेकरं जाऊन राहिलीत. म्हणजे डिझेलचं काहीतरी बघायला पाहिजे. शाळा न्हाई शिकले, पण घर चालवलंय. गोडं तेल संपलं तर त्याच्या जागी काय घालायचं, ते बाईमाणसाला सांगावं लागत न्हाई.

अन् बघा, देव पावल्यावानी त्याच आठवड्यात गावात शेतीचं सांगणारा एक साहेब आला. लिंबाखाली खुर्ची टाकली, हातात बाटली, बाटलीत पिवळं तेल. म्हणाला, बांधावर मोगली एरंड लावा. त्याच्या बियांचं तेल निघतं, त्या तेलाचं डिझेल होतं, अन् त्यावर गाड्या पळतात. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी न्हाई हसले. मी बाटलीकडं बघत होते.

तेवढ्यात निरोप आला, माझी शेळी व्यायला झाली. मी उठले. दोन पिल्लं झाली, त्यांना पुसलं, दुधाला लावलं. साहेबाचं बोलणं मागं अजून तासभर चाललं म्हणे. अन् कामाचं जेवढं होतं ते सगळं त्या तासातच होतं.

मी इकडं गोठ्यात बसून विचार केला. मोगली एरंड म्हणजे काय? ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत न्हाई, तो. शेळी चपलीचा पट्टा खाती, पण मोगली एरंड खात न्हाई. असल्या झाडाच्या तेलावर गाडी पळत असंल, तर माझ्या घाण्याच्या करडीच्या तेलावर किती जोरात पळंल! तीन लेकरं वाढवली मी त्या तेलावर.

अन् तेल पाजायचं काम काही मला नवं न्हाई. आमच्याकडं नांगरटीनं बैल खंगला की त्याला करडीचं तेल पाजतात, वर हळद, अन् जोडीला अंडं. बांबूचं नळकांडं तोंडात धरायचं, मान वर करायची, अन् हळूहळू सोडायचं. आठ दिवसांत बैलाच्या अंगावर तकाकी येती. आमच्या मालकांना, गजाच्या बापाला, हे जमायचं न्हाई, बैल शिंग मारायचा. मला मात्र कधी मारलं न्हाई.

दुसऱ्याच दिवशी बाळापूरचा एक पाहुणा गाडी बघायला येणार होता. म्हणजे माझ्या हातात एक सकाळ. गजा टमरेल घेऊन रानाकडं गेला, तशी मी खुंटीवरची किल्ली घेतली. डिझेलचं झाकण उघडलं, नळकांडं लावलं, अन् पाच लिटरच्या डब्यातलं निम्म्याच्यावर तेल सोडलं. मूठभर हळदबी कालवली होती. अंडं मात्र न्हाई घातलं. काचेवर देवाचं नाव लिहिलेलं, बरं दिसलं नसतं.

वर तिच्या पत्र्यावरून हात फिरवला अन् म्हणलं, पी माय, तुझ्यावरच हाय आता.

पाहुणा आला. जाडजूड, मिशीवाला, बोलायला गोड. गजा म्हणाला, सेनगावपर्यंत चालवून दाखवतो. मी म्हणलं, माझे गुडघे दुखून राहिलेत, मलाबी दवाखान्यात यायचंय. गुडघ्याला काही झालं नव्हतं, मला चमत्कार बघायचा होता. राणीला मांडीवर घेतलं अन् खिडकीशी बसले. मधात पाहुणा.

गाडी चालू झाली. मागून पांढरा धूर निघाला, अन् काय वास सुटला म्हणता! कढईत भजे सोडल्यावानी.

पाहुण्यानं नाक वर केलं. म्हणाला, कोणाकडं तळण निघालंय वाटतं. पुढच्या गावातून गेलो तरी तोच वास. तो म्हणाला, ह्या रस्त्याला लई भजे तळतात की. तिसऱ्या वस्तीपाशी तीन कुत्रे मागं लागले, ते काही सोडायला तयार न्हाईत. राणी म्हणाली, "आज्जी, भूक लागली."

मी आतून फुगले होते. गाडी मऊ चालत होती, खरंच. म्हणलं आता गजाच्या कानावर घालावं. सरळ त्याला सांगितलं तर ऐकणार न्हाई, म्हणून पाहुण्याला सांगू लागले. म्हणलं, "दादा, गाडी लई गुणाची हाय बरं का. लेकरावानी सांभाळली तिला. डिझेल तर वास घेतल्यावानी पिती. कधी तकलीफ दिली न्हाई." पाहुणा मान हलवून राहिला होता. मला आणखी हुरूप आला. टायर कसे चांगले, पत्रा कसा जाड, हारन किती लांब ऐकू जातो, सगळं सांगितलं. गजा माझ्याकडं बघून राहिला होता. मला वाटलं, पटून राहिलं पोराला.

मंग चढ लागला.

गाडी एकदा खोकली. पुन्हा खोकली. मंग म्हाताऱ्या माणसानं सुस्कारा सोडावा तसा आवाज केला अन् उभी राहिली, ती राहिलीच. गजानं किल्ली फिरवून बघितली, खाली उतरला, झाकण उघडलं, नाक लावलं. बोट आत फिरवून बघितलं. पिवळं. बोट जिभेला लावलं. मंग खिडकीपाशी आला.

"माय, डिझेलला घरच्या जेवणाची चव काहून येऊन राहिली?"

आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. साहेब, बाटली, शेळी, करडी, हळद. अंडं न्हाई घातलं तेबी सांगितलं, म्हणजे अगदीच अक्कल न्हाई असं वाटू नये.

पाहुणा खाली उतरला. धोतर झटकलं. म्हणाला, "गाडी लेकरावानी सांभाळली म्हणले व्हते तुमी. मला वाटलं बोलायची रीत हाय." मागून जीप आली, तिच्यात बसला अन् गेला. कुत्रे मात्र थांबले, शेवटपर्यंत.

ट्रॅक्टरला बांधून गाडी सेनगावला नेली. तिथला मिस्त्री म्हातारा, शांत माणूस. त्यानं डिझेलचा फिल्टर काढून हातात धरला. हळदीनं पिवळाजर्द. त्यानं गजाला विचारलं, "गाडीचं लगीन ठरलं का?"

मला म्हणला, आजी, साहेब खोटं बोलला न्हाई. पण बियांचं तेल असंच घालत न्हाईत. त्याला आधी गरम करून, औषध घालून, त्याचा चिकटपणा काढावा लागतो, मंग ते डिझेलवानी पातळ होतं. तुमचं तेल घट्ट, त्यात घाण्याचा गाळ, वर थंडीचे दिवस, अन् हळद. मी म्हणलं, म्हणजे लेकराला कच्चं पीठ चारल्यावानी झालं म्हणा. तो म्हणला, बराबर. आता कसं कळलं!

मी तिथं बाकड्यावर बसून रडले. पाहुणा गेला त्याचं न्हाई. लेकराच्या पोटावर पाय दिला, असं वाटलं.  गजानं मला अर्धा कप चहा आणून दिला, राणीला बिस्कीट दिलं, अन् मिस्त्रीच्या हाताखाली पाना-पक्कड द्यायला बसला.

तीन दिवस गाडी तिथंच. टाकी धुतली, नळ्या धुतल्या. अन् एवढं खोललंच हाय म्हणून मिस्त्रीनं नोझलबी काढलं. नोझल म्हणजे डिझेल आत फवारायचं तोंड. ते चालवून बघितलं तर धुक्यावानी फवारा उडायच्या जागी धार पडून राहिलेली, लहान पोरानं मुतल्यावानी. मिस्त्री म्हणला, गजा, हे आजीच्या तेलानं न्हाई झालं, हे वर्षा-दोन वर्षांचं दुखणं हाय. पाव हिस्सा डिझेल न जळताच धुरात जात व्हतं. आतल्या डिझेल पंपाचं टायमिंगबी हललंय.

त्यानं नोझल बदललं, टायमिंग बसवलं, हवेचा फिल्टर झटकला, टायरमधी हवा बराबर भरली. अन् जी गाडी लिटरला नऊ किलोमीटर रडत पळायची, ती साडेबारा जाऊ लागली. गजा आठ दिवस रोज वहीत लिहून बघायचा. त्याला खरं वाटंना.

नवव्या दिवशी तो पाण्याच्या टाकीवर चढला अन् पुण्याला फोन लावला. खाली उतरून सुमनला एवढंच म्हणाला, पेटी सोड. सुमननं बांधलेली पेटी सोडली. त्या रात्री राणीनं माझा कान इतका ओढला, की सकाळी लाल होता. मी काही तो सोडवला न्हाई.

आता गंमत पुढंच हाय. गावात बातमी झाली, की म्हातारीनं युगत केली. गिऱ्हाईक पळावं म्हणून मुद्दाम तेल ओतलं, लेकराला घरी ठेवलं. बाया मला पाण्यावर गाठून विचारायच्या, मामी, तुमाला सुचलं कसं? एकीचा पोरगा मुंबईला निघाला होता, ती माझा सल्ला घ्यायला आली. मी काय करावं? मी मान हलवायची अन् म्हणायची, डोकं लागतं बाई.

एका संध्याकाळी गजा गाडी पुसून राहिला होता. मी ओट्यावर बसलेली. तो फडकं पिळता पिळता म्हणाला, "माय, खरं सांग. बंद पडावी म्हणूनच ओतलं व्हतंस ना?"

हो म्हणलं तर हुशार ठरते. न्हाई म्हणलं तर येडी. पण पोटच्या लेकराशी काय खोटं बोलायचं?

"न्हाई रं," मी म्हणलं. "चांगली पळावी म्हणून ओतलं. चांगली पळाली, तर तू तिला विकणार न्हाईस, असं वाटलं."

तो फडकं टाकून माझ्यापाशी येऊन बसला. खांद्याला खांदा लावून.   अन् मंग त्याचा खांदा हलायला लागला. मला वाटलं पोरगं रडून राहिलं. हसून राहिला होता मेला!

"माय," तो डोळे पुसत म्हणाला, "ती चांगली पळाली असती, तर त्या पाहुण्यानं सेनगावातच घेतली असती की. वरून तू रस्ताभर त्याला टायर अन् पत्रा सांगत व्हतीस. तुझं तेल लागू पडलं असतं, तर मी आज पुण्यात असतो."

खरं सांगते, तोवर हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता हसा. पण एक करा, आमच्या गावाकडं गेलात तर हे बोलू नका. तिथं मी अजून हुशार हाय.