राइट-आउटची जागा

आमच्या कॉलेजनं फुटबॉलचं अजिंक्यपद मिळवलं त्या वर्षी मी संघात होतो, पण एकही सामना खेळलो नाही. तेव्हा सामन्यात खेळाडू बदलायची सोय नव्हती. अकरा जण उतरले की बाराव्यानं रेषेबाहेर बसून राहायचं. माझी जागा राइट-आउटची, म्हणजे उजव्या कडेनं चाल करणाऱ्याची, आणि तिथं माझा खोलीतला सोबती खेळायचा.

तो चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. अमरावतीच्या होस्टेलात आमच्या खाटा शेजारी होत्या. माणूस इतका सरळ की त्याच्यावर धड रागावताही येत नसे. जळत मात्र होतो. सामन्याहून आल्यावर तो काडीनं बुटांची काळी माती काढत बसायचा आणि मी डोळ्यांनी पाहिलेला खेळ मलाच सांगायचा. मेसचा महाराज त्याच्या भातावर न मागता तूप वाढी. मी त्याच्याहून जोरात धावतो असं मला वाटायचं. आजही वाटतं.

अंतिम सामना अकोल्याला होता. आदल्या दिवशी सरावात त्याचा घोटा मुरगळला. आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो. हळदीचा गरम लेप मीच लावला, आणि लावता लावता सूज वाढू दे असं मनात म्हणत होतो. सकाळी सूज उतरली. तो थोडं धावून बघून आला, पण मनातून घाबरलेला होता. कप्तानानं मला बाजूला घेतलं.

"तू त्याच्यापाशीच होता. खेळू शकते का तो?"

मी बूट घालून तयार होतो.

"खेळते," मी म्हणालो. "पाय बरा आहे त्याचा."

असं का म्हणालो, कोण जाणे. चांगुलपणा नव्हता, कारण सामनाभर तो लंगडायची वाट पाहत होतो. तो लंगडला नाही. उत्तरार्धात त्यानंच गोल मारला आणि आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला उचललं तेव्हा त्याचा तोच पाय माझ्या खांद्यावर आला.

पुढं खेळामुळे त्याला रेल्वेत नोकरी लागली, मी अकोल्यात मास्तर झालो. लग्नाकार्यात भेटला की तो चारचौघांत सांगायचा, यानं हो म्हटलं म्हणून मी खेळलो. कौतुकानंच सांगायचा. माझा तेवढा एक शब्दही त्याच्या गोष्टीत जमा व्हायचा, आणि मी आतून धुमसायचो.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. आता त्या संघातला मी एकटाच उरलो. कॉलेजनं अमरावतीला बोलावून शाल पांघरवली. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, अंतिम सामन्यातला गोल या आजोबांनी मारला. सभागृहात टाळ्या उठल्या. क्षणभर मी त्या ऐकून घेतल्या. मग माईक मागून घेतला आणि सांगितलं, गोल माझा नाही, मी खेळलोच नाही.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मंग गोल कोनं मारला, आजोबा?"

मी त्याचं नाव सांगितलं. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात, आणि शाल सावरत पायऱ्या उतरताना मला त्या गेलेल्या माणसाचा हेवा वाटत होता.