बरा झालो की जाऊ

आमच्या चर्चच्या मंडळीत मला फटकळ म्हणतात, आणि ते खोटं नाही. गोव्यात, साखळी गावात येऊन आम्हाला तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कुणाचं मन राखायला मी खोटं बोलले असं कुणी दाखवून द्यावं, असं मी अगदी छातीठोकपणे म्हणत असे. एकदा बेळगावकडचे लोक आमच्या ओळखीतल्या एका मुलाची चौकशी करायला आले होते. चहाचा कप हातात देतानाच मी सांगितलं की मुलगा पितो. लग्न मोडलं. मुलाची आई वर्षभर उपासनेत माझ्याकडे पाठ करून बसायची. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटायचं, हे आता कबूल करते.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत बायबलचा अभ्यास व्हायचा. आठ-दहा माणसं यायची. डिचोलीच्या दोघी बहिणी, वाळपईहून बसने येणारी एक नर्स, कोल्हापूर-बेळगावकडून कारखान्यात कामाला आलेले दोघं-तिघं. पाळक महिन्यातून एकदा म्हापशाहून येत, बाकीचे गुरुवार मी चालवायची. मी जन्माची ख्रिस्ती. वडील कोल्हापुरात मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे वचनं मला लहानपणापासून तोंडपाठ, आणि कुणी चुकीचं म्हटलं की मधेच थांबवायची सवयही तेव्हापासूनचीच.

आमचे हे तसे नव्हते. हे गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले, हिंदू. डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि खाणी बंद पडल्यावर साखळीच्या बाजारात पंपाच्या मोटारी दुरुस्त करू लागले. मी त्यांना कधी मंडळीत ओढलं नाही. गुरुवारी हे आतल्या खोलीत कुणाचा तरी पंखा उघडून बसायचे आणि ऐकायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. एका गुरुवारी हातांना ग्रीस लागलेलं तसेच बाहेर आले, रिकाम्या खुर्चीवर बसले आणि सगळ्यांना म्हणाले, "हे तुम्ही खरं म्हणून वाचता, का चांगलं म्हणून वाचता?" मी घाईने पुढचं वचन वाचायला घेतलं. त्यानंतर वर्षभराने यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यांची आई गेली. आम्ही दोघंही गावी गेलो. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, खाली यायला तयार नव्हते. ऊन चढलं. एकेक नातेवाईक पुढे होऊन आईला शब्द देऊ लागला, की धाकट्याकडे लक्ष देऊ, गाय विकणार नाही, अमुक करू, तमुक करू. तरी कावळा शिवेना. तेव्हा यांचे थोरले भाऊ यांच्याजवळ आले. थोरल्यांनीच यांना अंगाखांद्यावर वाढवलेलं, वडील लवकर गेले होते म्हणून. ते हळूच म्हणाले, "तिचा जीव तुझ्यात अडकलाय. एक शब्द बोल. जातोस कुठं, तुझाच हाय मी, एवढं म्हण."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली.

हे म्हणाले, "दादा, ती तिथं नाही. मला तिथं बोलल्यासारखं करता येणार नाही." आणि जागचे हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. सगळं आवरल्यावर थोरले भाऊ चारचौघांत यांना म्हणाले, "आजपासून तू या घरचा पाव्हणा." परतीच्या बसमध्ये मी तोऱ्यात होते. पुढच्याच गुरुवारी मी अभ्यासात यांची साक्ष सांगितली, नवरा कसा सत्याला धरून उभा राहिला म्हणून. हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

आठ वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं.

मागच्या वर्षी यांना कावीळ झाली. गावठी औषध झालं, पथ्य झालं, उतरेना. मग पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी मला एकटीला बाजूला बोलावून सरळ सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, चार-पाच महिने धरून चाला. त्या पुढे म्हणाल्या, "त्यांना तुम्ही सांगता का मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगते.

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आमच्या मंडळीत कुणी आजारी असलं की प्रार्थनेत बरं कर असं मागत नाहीत. बरं केलंस म्हणून आभार मानतात, आधीच. विश्वास म्हणजे तोच, असं आम्हाला शिकवलेलं. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, डॉक्टर काय म्हणाले ते बोलून दाखवायचं नाही, कारण ते बोलणं म्हणजे तोंडाने हार कबूल करणं. त्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर रडत सांगायला लागले, "डॉक्टर म्हणाल्या की," तर डिचोलीच्या थोरल्या बहिणीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "तशें उलय नाका गो बाये," ती म्हणाली, असं बोलू नको. मग सगळ्यांनी हात वर करून आभार मानले. मीही मानले. मला तेव्हा खरंच हलकं वाटलं.

घरी यांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" मी म्हटलं, "वेळ लागेल म्हणाल्या. पण बरं होणार."

एवढंच मी बोलले. पण ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाला गोड खोटं सांगितलं नाही, तिने सांगितलेलं ते. यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

पुढे एकदा पोटातलं पाणी काढायला यांना दोन दिवस ठेवून घेतलं होतं. शेजारच्या खाटेवर पेडण्याचे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या घरचे बाहेर व्हरांड्यात कुजबुजत होते. मी जेवणाचा डबा घेऊन आत येत होते, तर हे त्या म्हाताऱ्यांना सांगत होते, "तुमचे लोक लपवत असतील. माझी बायको लपवायची नाही. तिला येतच नाही ते." आणि हसले. मी डबा घेऊन दारातच थांबले, मग परत बाहेर गेले, नळावर तोंड धुतलं आणि पुन्हा आत आले.

त्या दिवसांत यांना भावाची फार आठवण यायची. एका दुपारी पेज पुढे घेऊन बसले होते, दोन चमचे खाऊन वाटी बाजूला केली. म्हणाले, "तेव्हा नदीवर मी खोटं बोललो नाही ते बरोबरच होतं. पण बोलणं जमत नव्हतं तर निदान दादाजवळ जाऊन रडायचं तरी. तो एकटाच रडत होता. ते मी केलं नाही. हे त्याला सांगायचंय मला."

मी म्हटलं, "सांगा की."

"फोनवर नाही होणार. समोर जाऊन. पण अशा अंगाने नाही जायचं. दादा म्हणेल, मरायला टेकला तेव्हा भाऊ आठवला. बरा झालो की जाऊ. पावसाळा संपला की."

मी म्हटलं, "जाऊ."

त्यानंतर हे दर चार दिवसांनी तेच बोलायचे. बरा झालो की जाऊ. कपाटातून नवा शर्ट काढून ठेवला, तो अंगात ढगळ होऊ लागला तरी. आणि मी दर वेळी म्हणायची, जाऊ. एकदा अगदी ओठांवर आलं होतं की आत्ताच चला, गाडी करते, उशी घेऊ, हळूहळू जाऊ. ते ऐकून यांनी माझ्याकडे बघितलं असतं आणि एका क्षणात सगळं ओळखलं असतं. म्हणून मी बोलले नाही. विश्वासासाठी बोलले नाही असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला यांच्या तोंडावरचा तो क्षण बघायचा नव्हता. दुसऱ्याच्या मुलाचं लग्न मोडताना मला जीभ होती, आणि इथे नव्हती.

शेवटचे दोन आठवडे यांना भान असं नव्हतंच. एकदा मला वहिनी म्हणून हाक मारली आणि गुरं बांधली का विचारलं. चतुर्थीच्या नंतर, पाऊस सरत आला होता तेव्हा, पहाटे गेले.

पुढच्या गुरुवारी मंडळी आली तेव्हा मी उभी राहून सांगितलं की मी नवऱ्याशी पाच महिने खोटं बोलले. मग नर्सताई म्हणाली, "ते खोटं नव्हे ताई, तो विश्वास होता." तीही त्या हॉस्पिटलचे कागद वाचू शकत होती. तिने ते वाचलेही होते. त्यानंतर माझ्याकडे अभ्यास होत नाही. तो आता डिचोलीला होतो. मी जाते, मागे बसते, बायबल उघडते. आभार मानायची वेळ आली की हात मांडीवरच ठेवते. देवावरचा माझा विश्वास गेलाय असं नाही. मी किती खोटं बोलले हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि तरी रोज सकाळी मी त्याच्याशीच बोलते, दुसरं कोण आहे. आम्हाला मूल नाही.

पण त्या गुरुवारच्या आधीचं, पुरलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी ते मुद्दामच मागे ठेवलं असावं.

हे गेले त्या सकाळी मी गावी फोन केला. आठ वर्षांनी पहिल्यांदा. थोरले भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, साखळीच्या स्टँडवरून चालतच आले. दफनाच्या वेळी सगळ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन उभे होते. गाणी चालू असताना त्यांचे ओठ हलत होते, ते काय म्हणत होते देव जाणे. माती टाकायला मी त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी तीनदा माती टाकली आणि तिथेच खाली बसले. दोघांनी धरून उठवावं लागलं.

संध्याकाळी लोक गेल्यावर ते पुढच्या खोलीत बसले. मी चहा दिला. त्यांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाई, एक विचारू? माझं नाव काढायचा का कधी?"

मी म्हटलं, "रोज."

"यायचं होतं त्याला?"

"होतं."

"मग?"

फार अशक्त झाले होते, प्रवास झेपला नसता, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला त्या दिवशी तेवढंच पुरलं असतं. पण मला ते करवलं नाही. मी म्हटलं, "दादा, बरे होऊन येणार होते. बरे होणार नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना मी सांगितलं नाही." मग नदीवरचं, पेज पुढे घेऊन हे जे बोलले होते तेही सगळं सांगितलं, त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं.

ते ऐकताना त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच मांडीवरच्या टोपीवर पडत होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं.

ते म्हणाले, "त्याला न्हाई सांगितलंस, समजलं. मला का न्हाई कळवलंस? मी आलो असतो की."

पाच महिने मी यांना गावी कसं नेता येईल, का नेता येणार नाही, एवढाच विचार करत होते. गावाहून साखळीला येता येतं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. थोरल्यांच्या घरासमोरून सकाळी सहाची बस सुटते. त्या बसने ते निघाले असते तर जेवायच्या वेळेला इथे पोचले असते, यांच्या शेजारी बसून जेवले असते, आणि भाऊ जेवतोय म्हणून यांनीही दोन घास खाल्ले असते.