वैनीच्या झटका मशीनची बॅटरी

गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखनं सांगनारा मानूस आमच्या पट्ट्यात मी एकच. पन गाडी आवाजच करत नसन, त मी काय सांगू?

मागच्या दसऱ्याच्या टायमाची गोष्ट हाय. गावावरून गोंडपिपरीपर्यंत माही काळी-पिवळी जीप चालते, म्हनजे चालवाव लागते. चाबी फिरवली की 'टक' म्हने अन् गप. म्हनून मी ते तलावाच्या पारीवर, उतारावर लावून ठेवो. शीटं, म्हनजे भाड्याचे मानसं, बसले की खाली उतरवाचे, धक्का माराले लावाचे, अन् परत बसवाचे. भाडं मात्र पुरं घ्याचं. एक म्हातारी म्हने, "धक्का मी मारतो, त भाडं तूच मले दे नं."

गोंडपिपरीच्या बॅटरीवाल्यानं सांगतलं, नवी सहा हजार आठशे. मेलेली वापस आनली त आठशे कमी. बसवाचे शंभर, अन् टर्मिनल सडले हायेत, त्याचे दीडशे अलग.

म्या म्हनलं, "सोनं भरतेस का गा आत?"

"शिसं भरतो. तुह्या डोक्यात हाय तेच."

पुढच्या हप्त्यात येतो म्हनून निघालो. असे तीन हप्ते म्हनलं.

मंग मले वैनीच्या शेतातली बॅटरी आठवली. माहा मोठा भाऊ तिकडं कोरपन्याच्या बाजूले सिमेंटच्या कारखान्यात कामाले. इथी शेती वैनी एकटीच पाहाते. रानडुकरं येतात म्हनून भावानं तिच्या धानाभोवती झटका मशीनची तार लावून देली. डुक्कर तारेले टेकलं की झटका बसते अन् पळून जाते. मशीनले त्यानं गाडीचीच मोठी बॅटरी आनली, नवीकोरी. वर सोलरची प्लेट. वैनी रोज साजंले जाऊन बटन दाबे, मशीन टिकटिक कराले लागली की घरी ये. त्या टिकटिकीच्या भरवशावर ते झोपे.

दसऱ्याले वैनीनं विळा पूजला, पावडा पूजला, त्या बॅटरीले बी हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेतात गेलो अन् बॅटरी बदलून टाकली. तिची माह्या गाडीत, माही मेलेली तिच्या मशीनले. झेंडूचं फूल आठवनीनं उचलून माह्या बॅटरीवर ठेवलं. बोटानं थोडं कुंकूबी लावलं. चोरी कराची त नीट कराव.

बटन दाबून पाह्यलं. टिकटिक, टिकटिक! म्या मनात म्हनलं, पाहा, मशीनले करंट लागतेच किती? अन् सोलर हायच भराले. कोनाचं काई गेलं नाई, माहे सहा हजार वाचले. ते टिकटिक दुपारच्या उन्हाच्या जोरावर होऊन राह्यली, साजंले वैनी ते ऐकून घरी गेली अन् ऊन बुडालं की बॅटरीत काईच उरत नाई, हे गाडीचं दुखनं सांगनाऱ्या मानसाच्या डोक्यात आलं नाई.

पाच दिवस गाडी अर्ध्या चाबीत चालू झाली. म्हातारी म्हने, "आज धक्का नाई? मंग भाडं वाढवतेस का काय?"

सहाव्या दिवशी सकाळी शीटं भरत होतो, तं कोनीतरी म्हनलं, "तुह्या वैनीच्या धानाच्या बांधीत डुकरं शिरले ना रे राती."

शीटं तसेच सोडून गेलो. लोंबं भरले होते, आठ-पंधरा दिवसांत कापनी. अर्धी बांधी आडवी पडली होती. काई चघळून थुकलं होतं, काई चिखलात तुडवलं होतं. सालभराच्या खान्याचं धान. वैनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून होती. मले पाहून उठली अन् म्हने, "भाऊजी, मीच भुलली असन. बटन दाबाचं राह्यलं वाटते."

आता सांगाव होतं. तोंड उघडलं बी म्या. अन् म्हनलं, "होते वैनी कदी कदी."

इतकंच नाई. घरी नेऊन तिनं मले चहा देला, अन् मी पेलो. दोन खारी खाल्ल्या. तिसरी नाई म्हनलं.

मंग मले गाडीत बसवे ना. चाबी फिरवली की चटकन चालू होये, अन् मी ते लगेच बंद करो. दोन दिवसांनी घरातले होते तेवढे सहा हजार तीनशे घेऊन बॅटरीवाल्याकडं गेलो. त्यानं बोनेट उघडलं.

"हे त नवी हाय. पूजा बी केली हाय. काऊन बदलतेस?"

"दुसऱ्याची हाय."

"मंग तुही मेलेली कुठी हाय? ते आन. नाईतर पुरे पैसे लागतीन."

पुरे माह्याकडं नव्हते. मेलेली वैनीच्या मशीनखाली. आठशे रुपयांसाठी मले खरं बोलाले जाव लागलं. नुसत्या लाजेनं गेलो असतो का, ते मी सांगू शकत नाई.

वैनी दोन बायांसंग आडवं पडलेलं धान कापून राह्यली होती. मी जीप शेताच्या काठाले लावली, तिची बॅटरी काढून डोक्यावर घेतली अन् धुऱ्यानं चालत आलो. तिनं कुंकू पाह्यलं. मंग मशीनखालची पाह्यली. मले काईच सांगाव लागलं नाई, तरी सांगतलं, सारं, दुपारच्या टिकटिकीपासून तिसऱ्या खारीपर्यंत.

ते ओरडली नाई. हातातल्या विळ्याकडं पाहात म्हने, "दोन दिवस मी मलेच शिव्या देऊन राह्यली. तुमच्या भावाले फोन करून सांगतलं, माह्यानं झालं म्हनून. त्यायच्या बी शिव्या खाल्ल्या."

"भावाले मीच सांगतो, वैनी. धान बी भरून देतो."

ते परत धान कापाले वाकली. मी तिची बॅटरी मशीनले जोडली, माही उचलून जीपमध्ये बसवली, चाबी फिरवली. टक. जमीन सपाट. उतार कोसभर दूर.

मी तसाच बसून राह्यलो. खाली उतरून वैनीले काई म्हनाची हिंमत नव्हती. तिनंच विळा खाली ठेवला. "चला वं बायांनो," म्हने, अन् तिघी जीपच्या मागं येऊन टेकल्या. जिचं धान गेलं, तेच माही गाडी ढकलून राह्यली. माही मान वर होये ना. तिसऱ्या धक्क्याले इंजिन लागलं.

वैनी दम खात खिडकीजवळ आली.

"नवी बॅटरी घ्या, अन् साजंच्या आत वापस या. धान घरी येईपर्यंत आता रातभर तुमीच धुऱ्यावर बसाचं, ओरडून डुकरं हाकलाले. तुमच्या तोंडाले कोनती बॅटरी लागते?"