सुरी नगं, मोडा

आमच्या पारनेरच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा कशावरही एकच विचारायचा, “पैल्या मंडळीत असं हुतं का?” पवित्र शास्त्रात चर्चला मंडळी म्हणतात, आणि ती पहिली मंडळी घरोघरी एकत्र जेवायची, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पुढचे बाक आम्हा मास्तरांचे, मागची जमीन खेड्यांवरून आलेल्यांची; त्यावर हाच प्रश्न. पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, नव्या पांढऱ्या कॉलरवरही हाच. कधी गंमत वाटायची, कधी वैताग यायचा.

लढाईच्या दिवसांत एका रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी वाटून खायला, नगरहून येणारा पाव आलाच नाही. पाळक म्हणाले, “आता पुढच्या रविवारी करू.”

म्हातारा उठला आणि फडक्यातली स्वतःची बाजरीची भाकरी त्यानं मेजावर ठेवली.

“शास्त्रात भाकर लिवलीया, पाळकसाहेब. पाव कुटं हाय?”

पाळकांनी सुरी उचलली.

“सुरी नगं. भाकर मोडली, असं लिवलंय.”

पाळकांनी मोडली. पाव जिभेवर विरघळतो. ही चावावी लागली. माझ्या तुकड्याला लसणाची चटणी लागलेली होती, आणि प्रभुभोजनात मला पहिल्यांदाच भूक लागली.

बाहेर आल्यावर मी हसत विचारलं, “बाबा, आता दुपारी तुम्ही काय खाणार?”

“मंडळी हाय की!” तो खुशीत म्हणाला.

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्याला घरी जेवायला बोलावलं नव्हतं. मी घाईघाईनं चपला शोधू लागलो. त्या माझ्या पायातच होत्या.